मोटर बंद, पाणी थांबलेलं, तरी मॅगमीटरचा आकडा नाचतो : डाईंग युनिटमधला दर उन्हाळ्याचा दोष

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसी असो की चिंचोळी, चादरी-टॉवेलच्या डाईंग युनिटमध्ये फेब्रुवारी सरला की एकच तक्रार सुरू होते. ईटीपीच्या (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटच्या) लाइनवरचं मॅगमीटर, म्हणजे चुंबकाच्या जोरावर पाण्याचा प्रवाह मोजणारं मीटर, पंप बंद असतानाही ताशी दोन-तीन घनमीटर दाखवतं. पंप चालू केला की आकडा १४, १९, ११, २२ असा उड्या मारतो. सर्व्हिसवाला येतो, झिरो मारतो (थांबलेल्या पाण्याचा आकडा शून्य ठरवतो), फारच झालं तर बोर्ड बदलतो. चार दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच. मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस झाले की दोष आपोआप जातो आणि सगळे विसरून जातात. पुढच्या चैत्रात परत फोन.

पावसाने बरा होणारा दोष बोर्डात असेल का? जमिनीत, पाइपात किंवा पाण्यात शोधायचा.

हा सगळा खेळ अर्ध्या मिलिव्होल्टचा आहे

मीटरच्या आत वर-खाली दोन कॉइल असतात, त्या पाइपाला आडवं चुंबकीय क्षेत्र तयार करतात. वीज वाहून नेणारं पाणी त्या क्षेत्रातून गेलं की पाण्यातच विद्युतदाब तयार होतो, आणि डाव्या-उजव्या बाजूचे दोन इलेक्ट्रोड तो मोजतात. हिशोब सरळ गुणाकाराचा : क्षेत्र गुणिले पाइपाचा व्यास गुणिले वेग. क्षेत्र ५ मिलिटेस्ला, पाइप १०० मिमी, वेग सेकंदाला १ मीटर धरला तर उत्तर येतं ०.५ मिलिव्होल्ट. या वेगाला त्या पाइपातून ताशी २८ घनमीटर पाणी जातं. म्हणजे ताशी एक घनमीटरमागे मीटरच्या हाती येतो ०.०१८ मिलिव्होल्ट. शेजारी साडेसात अश्वशक्तीची मोटर ड्राइव्हवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या यंत्रावर) चालतेय आणि त्यात हे ऐकायचं आहे. वरातीच्या बँडशेजारी उभं राहून कुजबुज ऐकण्यातला प्रकार.

फॅरडेने १८३२ मध्ये लंडनच्या वॉटर्लू पुलावरून थेम्स नदीत तांब्याच्या पट्ट्या सोडून, पृथ्वीच्याच चुंबकीय क्षेत्रावर नदीच्या प्रवाहाचा असा विद्युतदाब मोजायचा प्रयत्न केला होता. तो जमला नाही. पट्टी पाण्यात बुडली की धातू आणि पाणी यांचा स्वतःचा रासायनिक विद्युतदाब तयार होतो, आणि तो प्रवाहाच्या विद्युतदाबापेक्षा कितीतरी मोठा असतो. आजचं मीटरही त्याच अडचणीशी झगडतं. म्हणून कॉइलमधला विजेचा प्रवाह सेकंदाला काही वेळा उलट-सुलट केला जातो. कॉइलबरोबर जे उलटतं तेवढंच पाण्याच्या प्रवाहाचं, जे तसंच राहतं ते रासायनिक, असा निवाडा होतो. पण या दोन्हींत न बसणारी तिसरी गडबड आली, की आकडा नाचतो.

जाता जाता एक गैरसमज. पंपाचं प्रेशर कमी पडलं की ‘मीटरचं चुंबक पाणी अडवतं’ असं हमखास ऐकायला मिळतं. चुंबकीय क्षेत्र वाहत्या द्रवाला मागे ओढतं, हे खरं. किती ओढतं ते हार्टमन अंक सांगतो. डेन्मार्कच्या हार्टमनने १९३७ मध्ये पाऱ्यावर केलेल्या कामावरून हे नाव पडलं. चुंबकाची ओढ आणि द्रवाचा चिकटपणा यांची ती तुलना. आपल्या खारट सांडपाण्यासाठी (१०,००० मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी धरा) या मीटरमध्ये तो ०.००८ च्या आसपास येतो. म्हणजे ओढ नाहीच. त्याच मीटरमधून ४०० अंशाचं वितळलेलं सोडियम सोडलं तर तो तीसच्या घरात जातो. मग प्रवाहाचा आकारच बदलतो : मध्यभागी वेग सपाट, भिंतीजवळ पातळ थरात एकदम उतार, आणि दाबाचा खर्च जास्त. कल्पाक्कमच्या चाचणी अणुभट्टीत १९८५ पासून सोडियम फिरतंय, तिथे हा विचार करावा लागतो. ईटीपीत नाही. प्रेशर कमी असेल तर स्ट्रेनर उघडा, त्यात सूत आणि लिंट भरलेलं सापडेल.

आधी विचारा : केव्हा नाचतो?

स्क्रूड्रायव्हर काढायच्या आधी एक दिवस नोंद ठेवा. दर अर्ध्या तासाला आकडा, आणि त्या वेळी काय चालू होतं ते. यातून निम्मं निदान होतं.

ड्राइव्ह चालू झाला की नाचतो, बंद केला की शांत : जमिनीचा किंवा केबलचा प्रश्न. डोसिंग पंपाच्या ठोक्याबरोबर नाचतो : रसायन चुकीच्या जागी सोडलंय. पाणी बंद केल्यावर दहा मिनिटांनी आकडा चढायला लागतो : पाइप रिकामा होतोय. हळूहळू, महिन्या-दोन महिन्यांत बिघडत गेला : इलेक्ट्रोडवर थर. वेल्डिंग झाल्या दिवसापासून बिघडला : त्याचं वेगळं सांगतो.

पाण्याचं अर्थिंग

मीटरच्या बॉडीला हिरवी वायर लावली म्हणजे अर्थिंग झालं, असं नाही. इलेक्ट्रोड पाण्यातला विद्युतदाब मोजतात, म्हणून पाणी आणि ट्रान्समीटर (सिग्नल वाचून आकडा दाखवणारा भाग) दोघांची विद्युत पातळी एकच हवी. जुन्या एमएस (लोखंडी) पाइपात पाणी लोखंडाला टेकलेलं असायचं, काम भागायचं. आता ईटीपीच्या लाइनी यूपीव्हीसी किंवा एचडीपीईच्या. मीटरच्या आत रबराचा किंवा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) लायनर, म्हणजे अस्तर, बाहेर प्लास्टिक पाइप. पाणी कुठेच धातूला टेकत नाही, ते अधांतरी राहतं.

उन्हाळ्याचा संबंध इथे येतो. आपली काळी माती पावसाळ्यात चिखल आणि वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा. अर्थपिटमधल्या (अर्थिंगसाठी खणलेल्या खड्ड्यातल्या) पाइपाभोवतीची माती आकसून सुटते, पिटचा रोध वाढतो. मग पंपाच्या मोटरमधून आणि ड्राइव्हमधून गळणारा विजेचा प्रवाह नीट जमिनीत उतरत नाही, दुसरी वाट शोधतो. पंपाची बॉडी पाण्याला टेकलेली आहे, पाणी खारट आहे, समोर प्लास्टिकच्या पाइपातून सरळ पुढच्या टाकीपर्यंत रस्ता आहे. तो प्रवाह पाण्यातूनच, मीटरच्या इलेक्ट्रोडवरून निघून जातो. मीटरला ५० हर्ट्‌झची गडबड गाळता येते, पण ड्राइव्हची गडबड ठरावीक एका हर्ट्‌झची नसते, ती गाळणीतून निसटते. पाऊस पडला, माती फुगली, पिट पकडला, दोष गेला.

तपासणी पाच मिनिटांची. मल्टिमीटर एसी मिलिव्होल्टवर ठेवा. एक टोक मीटरच्या बॉडीच्या अर्थ-स्क्रूला, दुसरं टोक पंपाच्या बॉडीला, रंग खरवडून. पंप चालू असताना वाचा. दोन-चार मिलिव्होल्टच्या वर काही दिसलं तर ते मीटरच्या पूर्ण सिग्नलपेक्षाही मोठं आहे, हे लक्षात घ्या. उन्हाळ्यात इथे व्होल्टमध्येही आकडे सापडतात.

उपाय दोन, आणि दोन्ही लागतात.

पहिला, अर्थिंग रिंग. मीटरच्या दोन्ही बाजूंना, पाइपाचा फ्लँज आणि मीटरचा फ्लँज यांच्यामध्ये, एसएस ३१६ ची चपटी रिंग. आतला व्यास मीटरच्या आतल्या व्यासाइतकाच. क्रम असा : पाइप फ्लँज, गॅस्केट, रिंग, गॅस्केट, मीटर. दोन रिंगा आणि मीटरची बॉडी ४ किंवा ६ चौरस मिमी तांब्याच्या वायरने आपसांत जोडायच्या, आणि तिथून एकच वायर अर्थकडे न्यायची. बोल्टवर विसंबू नका. बोल्टाखाली रंग असतो, वॉशरखाली गंज असतो. पाण्यात मीठ आणि क्लोराइड जास्त आणि पाणी गरम असेल तर ३१६ लाही बारीक खड्डे पडतात. तिथे हॅस्टेलॉय सी (निकेलची मिश्रधातू) घ्यावं लागतं, रिंगेलाही आणि इलेक्ट्रोडलाही.

गॅस्केट मीटरच्या तोंडात आत डोकावता कामा नये. आणि ग्रॅफाइटचं गॅस्केट तर अजिबात नको. बॉयलरच्या कामातून उरलेली शीट कापून बसवण्याची सवय इथे महाग पडते. ग्रॅफाइट झिजून लायनरवर काळा थर बसतो, तो थर वीज वाहतो आणि दोन्ही इलेक्ट्रोडचा सिग्नल तिथल्या तिथे शॉर्ट करतो. आकडा नाचत नाही, नुसताच कमी येतो. म्हणून कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरा, पिट. अर्थ टेस्टरने मोजा. मीटर ज्या पिटवर आहे तो ५ ओहमच्या आत हवा, त्याहून कमी असेल तर उत्तमच. फेब्रुवारीपासून आठवड्यातून दोनदा पिटमध्ये दोन-तीन बादल्या पाणी ओता. मीठ-कोळशाचा जुना पिट असेल तर पावसाळ्याआधी उकरून पुन्हा भरा. पंपाच्या मोटरची वायर आणि मीटरची वायर एकाच पातळ पट्टीवर साखळीने जोडलेली असेल तर ती सोडवा, दोन्ही थेट मुख्य अर्थ-पट्टीवर न्या. आणि मोटरची गळतीही पाहा. पाचशे व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) वाइंडिंगचा इन्सुलेशन रोध एक मेगओहमच्या खाली आला असेल, तर मीटरला दोष देण्यात अर्थ नाही. मेगर लावताना ड्राइव्हच्या वायरी आधी सोडवा, नाहीतर ड्राइव्ह जाईल.

रिमोट ट्रान्समीटर (सेन्सरपासून दूर बसवलेला) असेल तर सेन्सरची केबल ड्राइव्हच्या पॉवर केबलबरोबर एकाच ट्रेमध्ये नको. किमान एक फूट अंतर, आणि ओलांडायचीच झाली तर काटकोनात. शील्ड निर्मात्याने सांगितलेल्या टोकालाच जोडायची, दोन्हीकडे जोडली तर शील्डमधूनच प्रवाह फिरतो.

इलेक्ट्रोडवरचा थर

कापसाच्या सुताची कांजी काढल्याचं पाणी, साबण, मऊपणासाठी घातलेलं सॉफ्टनर, चुना-तुरटीचा गाळ, आणि बोअरच्या जड पाण्यातला कॅल्शियम. या सगळ्यांचं मिळून इलेक्ट्रोडवर जे बसतं ते बोटाला बुळबुळीत आणि खाली खरखरीत लागतं. दहा रुपयांच्या नाण्याहून लहान त्या टिकलीवर अर्धा मिमी थर पुरतो.

मीटर न काढता ओळखायचं असं : पाइप पूर्ण भरलेला, पाणी थांबलेलं, ट्रान्समीटरचा सप्लाय बंद, इलेक्ट्रोडच्या वायरी टर्मिनलवरून सोडवलेल्या. आता ओहममीटरने पहिला इलेक्ट्रोड ते अर्थ, मग दुसरा इलेक्ट्रोड ते अर्थ. टोक लावल्यावर आकडा सरकत जातो, कारण मल्टिमीटरच इलेक्ट्रोडला चार्ज करतो. म्हणून दोन्ही वेळा टोक लावल्यापासून तिसऱ्या सेकंदाचा आकडा घ्या. एक हजार मायक्रोसीमेन्सच्या पाण्यात, एक सेंमी व्यासाच्या इलेक्ट्रोडला तो काहीशे ओहम ते एक-दोन किलोओहम इतका येतो. खारट पाण्यात आणखी कमी. नेमक्या आकड्यापेक्षा दोन्हींतला फरक पाहा. एक दीड किलोओहम आणि दुसरा चाळीस असेल, तर दुसऱ्यावर थर आहे. दोन्ही मेगओहममध्ये असतील तर पाइप रिकामा आहे किंवा वायर तुटली आहे. पाइप रिकामा आणि कोरडा करूनही आकडा मेगओहमच्या खाली राहत असेल, तर इलेक्ट्रोडच्या सीलमधून पाणी मागे उतरलं आहे. तो सेन्सर गेला.

साफसफाई : मीटर खाली उतरवा. आधी कोमट साबणाच्या पाण्याने तेलकटपणा काढा. मग लिटरभर पाण्यात ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, म्हणजे आपलं किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व, मिसळून मीटरच्या पोटात अर्धा तास भरून ठेवा. चुना असेल तर बुडबुडे येतात, ते थांबेपर्यंत. मऊ फडक्याने पुसा, स्वच्छ पाण्याने धुवा. तारेचा ब्रश नको, आणि पॉलिश पेपरही नको. लायनरवर ओरखडा पडला की पुढचा थर तिथेच आधी बसतो. मीठ-तेजाब, म्हणजे हायड्रोक्लोरिक, स्वस्त आहे म्हणून वापरतात, ते ३१६ चा इलेक्ट्रोड खातं.

परत बसवताना बोल्ट समोरासमोरच्या जोड्यांत, तीन फेऱ्यांत आवळा. पीटीएफई लायनरची बाहेर दुमडलेली कड कापायची नाही. ‘बसत नाही’ म्हणून ब्लेड फिरवलेला लायनर पुढच्या गरम बॅचला आत सुरकुततो.

थर वारंवार बसत असेल तर वेग वाढवणं हा खरा इलाज, आणि त्यासाठी बहुतेक वेळा मीटर लहान करावं लागतं. पाइप चार इंची म्हणून मीटर चार इंची घेतलेलं असतं. प्रत्यक्षात ताशी पाचच घनमीटर जातं, म्हणजे वेग ०.१८ मीटर प्रति सेकंद. सिग्नल ०.०९ मिलिव्होल्ट, आणि गाळ निवांत तळाशी बसतो. तेच पाणी ५० मिमीच्या मीटरमधून ०.७ मीटर वेगाने जातं. पाइप लहान करणाऱ्या रिड्यूसरच्या भिंतीचा उतार दर बाजूला ८ अंशांपेक्षा जास्त नको, आणि मीटरच्या आधी व्यासाच्या पाचपट सरळ पाइप ठेवा, नंतर तिप्पट. अर्धवट उघडा व्हॉल्व्ह किंवा एल्बो मीटरच्या तोंडाशी असेल तर वेग एका बाजूला झुकतो. इलेक्ट्रोडजवळच्या पाण्याच्या वेगाला मापनात जास्त महत्त्व मिळतं, त्यामुळे आकडा स्थिर दिसतो पण चुकीचा असतो. व्हॉल्व्ह मीटरच्या पुढे, म्हणजे पाणी मीटरमधून बाहेर पडतं त्या बाजूला ठेवा.

पाइप भरलेला आहे का?

ईटीपीच्या शेवटच्या टाकीतून नाल्याकडे उताराने जाणाऱ्या लाइनवर मीटर लावलं असेल, तर पाइप अर्धाच भरतो. मीटरला ते कळत नाही. पाणी इलेक्ट्रोडपर्यंत आहे तोवर ते पूर्ण पाइपाचं क्षेत्रफळ धरून हिशोब करतं आणि जास्त दाखवतं. पाणी इलेक्ट्रोडच्या खाली गेलं की इलेक्ट्रोड हवेत, आणि आकडा वाऱ्यावर. इथे मीटर पाइपाच्या खाली उतरलेल्या यू-बेंडमध्ये बसवा, तळाला निचऱ्याचा कॉक ठेवा. उभ्या पाइपात बसवायचं तर पाणी खालून वर चढत असलेल्या बाजूला. आडव्या पाइपात दोन्ही इलेक्ट्रोड आडव्या रेषेत हवेत, घड्याळाच्या तीन आणि नऊवर. बारा-सहावर बसवलेलं मीटरही सापडतं : वरचा इलेक्ट्रोड हवेच्या बुडबुड्यात, खालचा गाळात.

डोसिंगची जागा

चुना, पॉली (गाळ एकत्र आणणारं पॉलिमर), आम्ल, काहीही असो, मीटरच्या पुढे सोडा. मागे सोडलं तर न मिसळलेले गोळे इलेक्ट्रोडवरून जातात. प्रत्येक गोळ्याची वाहकता वेगळी, रासायनिक विद्युतदाब वेगळा. डाईंगच्या मिठाळ पाण्याचा आणि धुवणाच्या गोड्या पाण्याचा जोड जर मीटरच्या आधीच दोन फुटांवर असेल, तर हाच त्रास. टाकीत एकत्र होऊ द्या, मग मीटरकडे पाठवा.

वेल्डिंग

त्याच पाइपावर वेल्डिंग करताना अर्थचा चिमटा मीटरच्या पलीकडच्या फ्लँजला लावला, तर वेल्डिंगचा प्रवाह मीटरमधून जातो. बोर्डचं इनपुट जळतं, कधी इलेक्ट्रोडभोवतीचा लायनर करपतो. चिमटा वेल्डिंगच्या जागेशेजारीच लावायचा, आणि ट्रान्समीटरच्या वायरी सोडवून ठेवायच्या. फॅब्रिकेशनवाल्याला हे तोंडी सांगून भागत नाही, मीटरवर पाटी लावा.

बोर्डाकडे केव्हा वळायचं

वरचं सगळं नीट असेल तर. कॉइलचा रोध मोजा आणि मीटरबरोबर आलेल्या कागदाशी ताडून पाहा. तांब्याचा रोध अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. २५ अंशाला १०० ओहमची कॉइल ६० अंशाच्या पाण्यावर ११४ दाखवते, तो दोष नाही. कॉइल ते बॉडी मेगर लावताना ट्रान्समीटर आधी वेगळा करा. इथे रोध कमी आला तर जंक्शन बॉक्स उघडा. केबल ग्लँड वरच्या तोंडाला असेल तर आत पाणी साचलेलं सापडेल.

ट्रान्समीटर उन्हात असेल तर त्याला पत्र्याची सावली करा. सोलापूरच्या मे महिन्यात सावलीतच ४२-४३ अंश, बंद लोखंडी पेटीत साठच्या पुढे. त्या तापमानाला डिस्प्ले काळा पडतो आणि लोक मीटर मेलं समजतात.

झिरो मारणं हे शेवटचं काम आहे, पहिलं नाही. पाइप भरलेला, दोन्ही बाजूंचे व्हॉल्व्ह बंद, पंधरा मिनिटं शांत, आणि आकडा आधीच स्थिर झालेला असेल तरच. नाचत्या आकड्यावर झिरो मारला की त्या क्षणीची गडबड कायमची वजाबाकी होऊन बसते, आणि पावसाळ्यात दोष गेल्यावर मीटर उलटं चुकतं. डॅम्पिंग (आकडा किती वेळाच्या सरासरीने दाखवायचा ते) तीन ते पाच सेकंद पुरे. तीस सेकंद करून आकडा शांत दिसतो, पण टोटलायझरमध्ये (एकूण पाण्याच्या बेरजेत) चूक जमा होतच राहते. लो-फ्लो कट-ऑफ (ज्याखालचा प्रवाह मीटर शून्य धरतं ती मर्यादा) पूर्ण रेंजच्या एक-दोन टक्क्यांवर ठेवा. तो दहावर नेला की रात्रीचं खरं वाहणारं पाणीही मोजलं जात नाही, आणि महिन्याच्या नोंदीत आत आलेलं आणि बाहेर गेलेलं जुळत नाही.

जुळतं का ते टाकीवर पाहा. तीन मीटर बाय दोन मीटरची टाकी दहा सेंमी भरली म्हणजे ६०० लिटर. मीटर ताशी १८ घनमीटर दाखवत असेल तर याला दोन मिनिटं लागायला हवीत. मोजपट्टी आणि मोबाइलचं घड्याळ, एवढंच लागतं. अर्धा मीटर पातळी चढेपर्यंत घेतलं तर मोजपट्टीची चूक नगण्य होते.

आणि हेच मीटर कुणी बॉयलरच्या कंडेन्सेट (वाफ थंड होऊन झालेल्या पाण्याच्या) लाइनवर किंवा डीएम (क्षार काढलेल्या) पाण्यावर लावलं असेल, तर वरचं काहीही करू नका. या मीटरांना साधारण ५ मायक्रोसीमेन्सच्या वर वाहकता लागते, डीएम पाण्याला तर बरेच निर्माते २० मागतात. स्वच्छ कंडेन्सेट त्याच्या काठावर किंवा खालीच असतं. तिथे मीटर काढून व्हॉर्टेक्स किंवा अल्ट्रासॉनिक लावा, आणि हे मॅगमीटर जड पाणी मऊ करणाऱ्या सॉफ्टनरच्या लाइनवर हलवा.